देव असून मरतात कसे? चिनी मालिकांमधलं प्रेम, त्याग आणि गादीचं भांडण

गेल्या पावसाळ्यात आईचा पाय मुरगळला आणि तिला तीन आठवडे पलंगावर बसून काढावे लागले. भाचीने तिला मोबाइलवर एक चिनी मालिका लावून दिली. खाली इंग्रजी अक्षरं. आईला इंग्रजी वाचता येतं, पण झरझर नाही, त्यामुळे दर पाच मिनिटांनी ती मालिका थांबवायची आणि मला हाक मारायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "हा मुलगा देव आहे ना गं? मग हा मरतो कसा? आणि मेला तर पुढच्या भागात परत आला कुठून?"

मी या मालिका बरीच वर्षं पाहते आहे, तरी तिला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे हल्ली पुष्कळ जण या मालिका बघायला लागलेत आणि बहुतेक जण नेमके इथेच अडकतात. कपडे सुंदर, डोंगर सुंदर, माणसं सुंदर, पण चाललंय काय ते कळत नाही. कथा अवघड असते असं नाही. तिच्यामागचे चार-पाच शब्द आपल्याला कुणी सांगितलेले नसतात, एवढंच.

ते शब्द मी एकाच मालिकेच्या आधाराने सांगते, तीच आई पाहत होती ती. ‘ॲशेस ऑफ लव्ह’. २०१८ साली चीनच्या जिआंगसू वाहिनीवर आली, ६३ भागांची. पुढे शेवटही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना मालिका आधी बघायची असेल त्यांनी बघून यावं.

हे देव आपल्या देवांसारखे नाहीत

या प्रकाराला चिनी भाषेत ‘शिएनश्या’ म्हणतात. ‘शिएन’ म्हणजे ज्याने मरणाला मागे टाकलंय असा सिद्ध पुरुष किंवा स्त्री. ‘श्या’ म्हणजे अन्यायाविरुद्ध तलवार उपसणारा भटका वीर. दोन्ही जोडले की झाली मालिका.

शिएन जन्मानेच शिएन असतो असं नाही. माणूस, कोल्हा, मासा, फूल, कुणीही हजारो वर्षं साधना करून त्या पदाला पोचू शकतं. यामागे चीनचा ताओ पंथ आहे. अमर होण्याचा ध्यास या पंथात फार जुना. आधी लोक पाऱ्याच्या आणि हिंगुळाच्या गोळ्या करून खात. थांग घराण्यातले काही सम्राट असली औषधं घेऊन दगावले. मग हळूहळू विचार बदलला: गोळी बाहेर कशाला शिजवायची, ती साधनेने आपल्याच शरीरात तयार करायची. मालिकेत कुणाच्या छातीतून चमकता मणी बाहेर येतो, तो हाच. हजारो वर्षांची साधना त्यात साठलेली असते.

आपला शब्द वापरायचा तर तपोबल. विश्वामित्राने स्वतःचं तप खर्चून त्रिशंकूला वर पाठवलं, ते आठवा. तप साठवता येतं, खर्च करता येतं, दुसऱ्याला देता येतं आणि संपतंही. आईला मी हेच सांगितलं: देवपण ही इथे पुंजी आहे. ती लुटली गेली किंवा कुणासाठी उधळली, की देवही मरतो. मणी फुटला पण आत्म्याचा एखादा कण कुठे तरी शिल्लक राहिला, तर परतही येतो.

दुसरी गोष्ट, इथला स्वर्ग म्हणजे राजदरबार आणि सरकारी कचेरी दोन्ही. ही कल्पना मालिकावाल्यांची नाही, चिनी लोकधर्मातलीच आहे. तिथे प्रत्येक घराच्या चुलीजवळ एक चूलदेव असतो. नवं वर्ष लागायच्या आठवडाभर आधी तो स्वर्गात जाऊन त्या घराचा वर्षाचा अहवाल सादर करतो. म्हणून लोक त्याच्या चित्राच्या ओठांना मध किंवा चिकट मिठाई फासतात, म्हणजे तो गोड तरी बोलेल, नाहीतर तोंड तरी उघडणार नाही. अशा स्वर्गात अग्निदेव, जलदेव, निशादेव या नेमणुका असतात. आपल्या कथेतल्या थोरल्या राजपुत्राकडे रात्रीचं खातं आहे. रोज संध्याकाळी आकाशात चांदण्या जागच्या जागी मांडायच्या, हे त्याचं काम. हे काम एकट्याने करायचं असतं, आणि ते कथेत पुढे फार टोचतं.

जिए, मो, निएफान: आपलेच शब्द, लांबचा प्रवास करून आलेले

या मालिकांमध्ये सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘जिए’. देवाला मर्त्यलोकात जन्म घेऊन दुःख भोगावं लागतं, तो त्याचा जिए. डोक्यावर वीज कोसळते, तोही जिए. प्रेमात होरपळ होते, तर तो प्रेमाचा जिए. इंग्रजीतून याचं भाषांतर ‘परीक्षा’ किंवा ‘संकट’ असं येतं आणि मूळ गंमत निसटते.

कारण हा शब्द आपला आहे. संस्कृतातला ‘कल्प’ बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला, तिथे तो ‘जिएबो’ झाला आणि मग नुसता ‘जिए’. कल्प म्हणजे युगांचं प्रचंड मोठं चक्र. बौद्ध कल्पनेत कल्पाच्या शेवटी आग, पाणी किंवा वारा सगळं विश्व नष्ट करतो. चिनी लोकांच्या मनात ‘काळ’ मागे पडला आणि ‘शेवटी कोसळणारी आपत्ती’ तेवढी उरली. एक जुनी गोष्टही आहे. हान सम्राट वू याने तलाव खणायला घेतला तेव्हा तळाशी काळी राख लागली. ती कसली, कुणाला सांगता येईना. पुढे पश्चिमेकडून आलेल्या भिक्षूने सांगितलं, ही मागच्या कल्पाच्या आगीची राख आहे. मला ही गोष्ट फार आवडते. मालिकेच्या मूळ चिनी नावातही राख आहे, हिमासारखी राख.

‘मो’ म्हणजे असुरी शक्ती, असुरांचं राज्य. हाही शब्द ‘मार’ वरून आला, बुद्धाला बोधिवृक्षाखाली विचलित करायला आलेला तो मार. आणि कथेतला धाकटा राजपुत्र फिनिक्स पक्षी आहे, आगीत जळून तो नव्याने उभा राहतो, त्याला म्हणतात ‘निएफान’. म्हणजे निर्वाण.

आईला हे सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे आपलंच लेकरू दुसऱ्याच्या घरी वाढलेलं."

तेवढं एक मात्र लक्षात ठेवायचं, की दुसऱ्याच्या घरी वाढल्यावर चालीरीती बदलतात. ‘मो’ म्हणजे नेहमी वाईटच असं नसतं. बऱ्याचदा तो फक्त दुसरा देश असतो, ज्याच्याशी स्वर्गाचं पटत नाही.

आता कथा, थोडक्यात

स्वर्गाच्या राणीने पुष्पदेवीवर जीवघेणा हल्ला केलेला आहे. मरता मरता ती मुलीला जन्म देते. या मुलीला प्रेमातून मोठं दुःख आहे हे तिला दिसतं, म्हणून ती बाळाला एक गोळी भरवते. ही गोळी पोटात असेपर्यंत मुलीला प्रेम कळणारच नाही. शिवाय दहा हजार वर्षं तिला फुलांच्या राज्याबाहेर पाठवायचं नाही, अशी शपथ सगळ्यांकडून घेते. मुलीचं नाव जिन्मी. ती स्वतःला द्राक्षाची वेल समजत वाढते, ती खरी कोण हे कुणी तिला सांगत नाही.

एके दिवशी स्वर्गाचा धाकटा राजपुत्र शुफंग होरपळलेल्या अवस्थेत तिच्या अंगणात येऊन पडतो. ती त्याला वाचवते आणि त्याच्याबरोबर स्वर्गात जाते. तिथे त्याचा थोरला सावत्र भाऊ आहे रुन्यू, शांत, सभ्य, चांदण्या मांडणारा. दोघेही तिच्यावर प्रेम करतात. मग कळतं, की जिन्मी जलदेवाची मुलगी आहे. जलदेवाची थोरली मुलगी आणि स्वर्गाधिपतीचा थोरला मुलगा यांचं लग्न ती जन्मायच्याही आधी ठरलेलं आहे.

पुढे जलदेवाचा खून होतो. वापरलेली आग अशी, की संशय शुफंगवर जावा. खुनी वेगळीच आहे, पण जिन्मीची खात्री पटते. रुन्यूशी तिच्या लग्नाच्या दिवशीच स्वर्गात उठाव होतो आणि त्या गोंधळात ती शुफंगला स्वतःच्या हाताने सुरा खुपसते. तो कोसळतो. तेव्हा कुठे तिच्या तोंडातून ती गोळी बाहेर पडते. जे आजवर कळत नव्हतं ते तिला एका क्षणात कळतं, समोर त्याचा देह विरत असताना.

उरलेली कथा या क्षणाची भरपाई आहे. रुन्यू स्वर्गाच्या गादीवर बसतो. जिन्मी हरप्रकारे औषध मिळवून शुफंगला परत आणते, पण ते तिने केलं हे त्याला माहीत नसतं. तो ‘मो’ राज्याचा अधिपती होऊन तिचा तिरस्कार करत राहतो. शेवटी विस्मरणाच्या नदीकाठी दोन भावांची सैन्यं समोरासमोर येतात आणि जिन्मी दोघांच्या वारांच्या मध्ये उभी राहते.

दोन आया, दोन जखमा

इथे थोडं थांबते, कारण माझ्या मते सगळी मालिका या एका जागेवर उभी आहे आणि पहिल्यांदा बघताना ती हमखास हातून सुटते.

रुन्यू राणीचा मुलगा नाही. त्याची आई थायहू सरोवराच्या मत्स्यकुळातली राजकन्या. स्वर्गाधिपतीने तिला फसवलं, त्यातून हा झाला. पण मुलगा मासा निघाला नाही, ड्रॅगन निघाला. लाल माशांच्या घोळक्यात हा एकटा पांढरा. त्याला शिंगं फुटायला लागली, अंगावर वेगळे खवले यायला लागले. राणीच्या नजरेला पडला तर मारला जाईल, म्हणून त्याची आई ती शिंगं कापायची आणि खवले सोलून काढायची. ते परत यायचे. ती परत काढायची. लहान मूल रडतंय, तिने त्याला धरून ठेवलंय, आणि स्वतःही रडतेय.

आता शेजारी जिन्मीला ठेवा. तिच्या आईनेही तिला वाचवायलाच गोळी भरवली. एकीने मुलीचं मन बंद केलं, दुसरीने मुलाचं अंग सोललं. दोघींचं प्रेम खरं होतं. दोघींनी ज्याच्यासाठी केलं त्याला विचारलं नव्हतं. आणि ही दोन मुलं मोठी होऊन एकमेकांची वाग्दत्त होतात: एक, जिला प्रेम करता येत नाही, आणि दुसरा, ज्याच्यावर आजवर कुणी उघडपणे प्रेम केलेलं नाही. त्याने निवडूनही तिलाच निवडावं! शुफंगला हे दुखणं कळणारच नाही, तो लाडाकोडात वाढलाय.

थोरला असून गादी धाकट्याची कशी?

आपल्या मनात ‘थोरला मुलगा वारस’ हे पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे रुन्यूला सुरुवातीपासून कुणी मोजत का नाही हे कळत नाही. त्यासाठी दोन शब्द हवेत. मुख्य पत्नीची मुलं ती ‘दी’, उपपत्नीची ती ‘शू’. जुन्या चिनी घरात गादी, पितरांची पूजा, घराण्याचा मान यावर पहिला हक्क ‘दी’ मुलाचा. ‘शू’ वयाने थोरला असला तरी मागे. ध्रुवाची गोष्ट आठवली की हे चटकन समजतं. तोही थोरलाच होता, आणि सावत्र आईने त्याला बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही. फरक एवढाच, की ध्रुव तपाला बसला आणि त्याला आकाशात अढळ जागा मिळाली. रुन्यूला आकाशातल्या चांदण्या मांडायचं काम तेवढं मिळालं.

अशी भांडणं चीनच्या इतिहासात खरोखर झाली आहेत. इ. स. ६२६ मध्ये ली शिमिन याने राजधानी चांगआनच्या श्वानवू दरवाज्याजवळ दबा धरून दोन सख्ख्या भावांना मारलं, त्यातला एक युवराज होता. काही आठवड्यांत बापाने गादी सोडली. आणि हाच ली शिमिन पुढे थांग घराण्याचा फार मोठा सम्राट म्हणून गौरवला गेला. चिनी प्रेक्षकाच्या मनात हे कायम असतं: भावाच्या रक्तातून आलेला राजा चांगलाही निघू शकतो.

दुसरं उदाहरण सम्राट कांगशीचं. त्याने ६१ वर्षं राज्य केलं. पट्टराणीच्या मुलाला तान्हेपणीच युवराज केलं, १७०८ मध्ये काढलं, १७०९ मध्ये परत नेमलं, १७१२ मध्ये पुन्हा काढलं. मधल्या काळात बाकीचे राजपुत्र एकमेकांच्या जिवावर उठले. १७२२ मध्ये त्यांतून गादीवर आलेल्या योंगझंगने मग युवराज जाहीर करायची पद्धतच बंद केली. वारसाचं नाव लिहून पेटीत बंद करायचं आणि महालातल्या एका पाटीमागे ठेवायचं, राजा गेल्यावर उघडायचं. चिनी राजवाड्याच्या मालिका बघताना ही भीती ध्यानात ठेवा. बाप मुलांना एकमेकांशी झुंजवत ठेवतो, कारण झुंजणारी मुलं बापाकडे वळत नाहीत. ‘ॲशेस ऑफ लव्ह’मधला स्वर्गाधिपती नेमकं हेच करतो.

"पण एवढा त्याग खोटा वाटत नाही का?"

हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकलाय. कुणी सत्तर हजार वर्षं वाट बघतं, कुणी डोळे देतं, कुणी विजा अंगावर घेतं.

मला वाटतं, हा आकड्यांचा प्रश्न आहे. जिथे लाखभर वर्षं जगायचं असतं तिथे ‘दहा वर्षं थांबले’ याला किंमत नाही. आणि स्वर्गातला एक दिवस म्हणजे पृथ्वीवरचं एक वर्ष, असा तिथला हिशेब. कालमान वेगळं म्हणून त्याग मोठा दाखवावा लागतो. मात्र तो कधी हवेतला नसतो. जे दिलं ते मोजता येतं: इतक्या वर्षांची साधना, इतकं आयुष्य. २०१७ च्या ‘इटर्नल लव्ह’ या ५८ भागांच्या मालिकेत गुरू आपल्या शिष्येवर कोसळणाऱ्या तीन विजा स्वतः झेलतो, आणि त्या झेलल्यामुळे पुढच्या युद्धात त्याची ताकद कमी पडते. किंमत कथेत पुढे चुकवावी लागते. ती नुसतीच रडारड असेल तर मालिका कच्ची, असं मी खुशाल समजते.

मालिका फार लांबतात ही तक्रार मात्र रास्त आहे. २०२० मध्ये तिथल्या सरकारी नियामकाने मालिका ४० भागांच्या वर नेऊ नका असं सांगितलं, तेव्हापासून बऱ्याच आटोपशीर झाल्या.

"सगळ्यात भरडली जाते ती मुलगीच ना?"

हो. आणि हे मला पहिल्यांदा पाहताना फार खुपलं होतं. तिच्या लग्नाचा करार ती जन्मायच्या आधीचा, तिचं मन आईने बंद केलेलं, तिच्या बापाच्या खुनाचं खरं-खोटं दुसऱ्यांच्या हातात. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की मालिकेला हे ठाऊक आहे. इथे जे जे बिघडतं ते कुणी तरी जिन्मीच्या वतीने परस्पर ठरवलं म्हणून बिघडतं. गोळी बाहेर पडल्यानंतर तिने केलेली प्रत्येक गोष्ट, अगदी त्या नदीकाठी मध्ये उभं राहणंसुद्धा, ही तिची स्वतःची असते. तिने मरायला नको होतं असं मला अजूनही वाटतं. पण तो निर्णय कुणी तिच्या तोंडात भरवलेला नव्हता.

"मग रुन्यू खलनायक की नाही?"

यावर आमच्या घरात दोन दिवस वाद चालला. भाचीचं म्हणणं, त्याने जिन्मीचा गैरसमज स्वतःच्या फायद्यासाठी वापरला, सत्तेसाठी निषिद्ध विद्या शिकला, म्हणजे खलनायकच. आईचं म्हणणं वेगळं. तिने तो प्रसंग पाहिला होता, जिथे राणी त्याच्यावर वार करते आणि इतकी वर्षं दुरावलेली त्याची आई मध्ये येऊन तो झेलते. त्याच्या हातात मरते. आईला जवळ घ्यायची वेळ त्याला मिळाली ती तेवढीच. जिन्मी मरणाच्या दारात असते तेव्हा हाच रुन्यू निषिद्ध विद्येने आपलं अर्धं आयुष्य तिला देतो. तिने मागितलं नव्हतं. ती त्याच्यावर प्रेम करणार नाही हेही त्याला एव्हाना कळलेलं असतं.

मला वाटतं, त्याच्या आईने त्याला जे शिकवलं तेच तो करत राहिला: प्रेम असेल तर विचारायचं नाही, करून टाकायचं. शिंगं कापायची. अर्धं आयुष्य द्यायचं. लग्न लावून घ्यायचं.

शेवटी जिन्मी पुन्हा जन्म घेते, शुफंग तिला शोधून काढतो, दोघं संसार करतात. रुन्यू स्वर्गाच्या गादीवर एकटा उरतो. शेवटचा भाग संपला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. आईने मोबाइल उशीशेजारी उलटा ठेवला आणि दिवा मालवायला सांगितला. मी दाराशी पोचले तेव्हा अंधारातून तिने विचारलं, "आता तो राजा झाला, मग रात्रीच्या चांदण्या कोण मांडतं गं?"